पाणी जमले, भूक राहिली

मूरिश आयडल हा मासा एकदा पाहिलेला माणूस त्याला सहसा विसरत नाही. अंगावर काळे, पांढरे आणि पिवळे उभे पट्टे, निमुळते पुढे आलेले तोंड आणि पाठीवरून सुटून शेपटीच्याही मागे जाणारा लांबलचक पांढरा पर. लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात तो प्रवाळांच्या फटींतून चरत फिरतो. घरातल्या टाकीत आला की पहिले काही दिवस तो तितकाच देखणा दिसतो. मग डोक्यामागचे मांस ओसरायला लागते, पोट खपाटीला जाते, आणि समोरून पाहिले तर मासा सुरीच्या पात्याएवढा उरलेला असतो. मालक कोलंबीचा बारीक चुरा टाकतो. मासा पुढे येतो, एक कण तोंडात घेतो, बाहेर टाकतो आणि पुन्हा दगड टोचू लागतो. दगडावर त्याला हवे ते नसते. समुद्रात त्याचे मुख्य अन्न म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे जिवंत स्पंज, आणि ते रोजच्या रोज पुरवण्याची सोय जवळपास कुणाच्याच घरी नाही. काही आठवड्यांनी तो मरतो. मग पाणी तपासले जाते. क्षार ठीक, तापमान ठीक, अमोनिया शून्य. तरीही ‘पाण्यातच काहीतरी बिघडले असणार’ असे म्हणून विषय मिटतो.

ही सवय आजची नाही. खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवण्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा बहुतांशी पाणी टिकवण्याचा इतिहास आहे. त्यात माणसाने खरोखर मोठी मजल मारली. पण टाकीत सोडलेल्या जिवाला खायला काय लागते हा प्रश्न या सगळ्या काळात मागे पडत गेला, आणि आज नाजूक समुद्री मासे घरात मरतात त्याचे मोठे कारण तिथेच आहे. बाजार मात्र अजूनही पाण्याचीच यंत्रे विकतो.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली, आणि तीही माशांपासून नव्हे. त्याआधी १८३२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्र-पॉवर या अभ्यासक बाईंनी अर्गोनॉट या समुद्री जीवाचे निरीक्षण करण्यासाठी काचेच्या टाक्या करून घेतल्या होत्या. पण घराच्या दिवाणखान्यात समुद्र आणण्याची गोष्ट १८४६ ची. अ‍ॅना थिन या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आल्या. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत उपअधिष्ठाते होते, घर तिथेच होते. समुद्राचे पाणी पुन्हा पुन्हा मागवणे परवडणारे नव्हते, म्हणून आहे तेच पाणी ताजे ठेवायचे त्यांनी ठरवले. रोज उघड्या खिडकीसमोर उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात, उंचावरून ओतायचे. अर्धा-पाऊण तास हे चाले, आणि घरातल्या मोलकरणीचे हातही त्याला लागत. पाण्यात हवा मिसळली तर प्रवाळ जगतात हे त्यांना कळले होते. पुढे त्यांनी समुद्री शैवाळ टाकीत सोडले आणि ओतण्याचे काम हलके झाले. आज ज्याच्या घरी एअर पंप घरघरत असतो त्याने या बाईंचे नाव ठाऊक करून घ्यायला हरकत नाही.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती, गोगलगाय आणि मासा यांचा समतोल साधला तर टाकीतले पाणी बदलावे लागत नाही, असे मांडले. त्याचा प्रयोग गोड्या पाण्याचा होता, पण कल्पना समुद्राकडे लगेच गेली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि एक लाट उसळली. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त होती. रेल्वेने किनारा जवळ आणला होता. मध्यमवर्गीय घरांतून समुद्रफुले, खेकडे, किनाऱ्यावरचे छोटे मासे दिसू लागले. गॉस यांनी १८५४ मध्येच मीठ आणि इतर तीन क्षार मिसळून कृत्रिम समुद्राचे पाणी तयार करण्याची कृती दिली. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाला पिशवीतले मीठ पाण्यात विरघळवून मासे पाळता येतात, त्याचे मूळ या कृतीत आहे.

त्या लाटेची किंमत किनाऱ्याने मोजली. फिलिप गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात डेव्हनच्या किनाऱ्यावरचे ओहोटीचे डोह आठवले आहेत. वडिलांच्या पुस्तकांनीच लोकांना त्या डोहांची वाट दाखवली, आणि गोळा करणाऱ्यांच्या झुंडींनी ते डोह ओरबाडून नेले, अशी त्याची खंत आहे. ज्यांनी ते ओरबाडले ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांना समुद्र आवडत होता. बहुतेकांच्या घरी नेलेले जीव थोड्याच दिवसांत सडले, टाक्यांना वास सुटला, आणि दहाएक वर्षांत फॅशन ओसरली. समुद्रप्रेमातूनच समुद्र रिकामा होऊ शकतो, हे या छंदाच्या जन्मापासून माहीत आहे.

या लाटेतून खरे शिकलेला माणूस म्हणजे विल्यम अल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये टाक्या आणि समुद्री जीव विकणारा हा दुकानदार पुढे हॅम्बुर्गच्या आणि १८७१ साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयाचा शिल्पकार झाला. टाक्यांखाली, अंधारात, टाक्यांतल्या पाण्याच्या कित्येक पट पाणी साठवायचे आणि पंपाने ते सतत फिरवत ठेवायचे, ही त्याची पद्धत. पाणी फेकून देण्याच्या तो विरुद्ध होता. नीट सांभाळलेले जुने पाणी नव्यापेक्षा चांगले, हे त्याला अनुभवाने कळले होते. त्यामागचे कारण उलगडायला वेळ लागला. अमोनियाचे रूपांतर जिवंत सूक्ष्मजीव करतात हे १८७७ मध्ये दिसले, आणि सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे करून दाखवले. आज नवी टाकी मांडणारा माणूस मासे आणण्यापूर्वी महिना-दीड महिना ‘टाकी सायकल होऊ देतो’, तेव्हा तो या जिवाणूंची वस्ती बसण्याची वाट पाहत असतो.

आपल्याकडे ही विद्या आधी सार्वजनिक मत्स्यालयांतून आली. मद्रासच्या किनाऱ्यावर एडगर थर्स्टन यांच्या पुढाकाराने १९०९ साली मत्स्यालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडले. मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या कित्येक सहली मरीन ड्राइव्हवरच्या त्या इमारतीत जाऊन आल्या. दोन्ही मत्स्यालयांच्या समोर समुद्र होता. घरातल्या टाकीसमोर तो नसतो.

आणि घरातली टाकी लहान असते, ही खरी अडचण. प्रवाळ बेटांभोवतीचे पाणी वर्षानुवर्षे जवळपास तसेच राहते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, सामू आठच्या थोडा वर, तापमानात थोडाफार फरक. तिथल्या माशाच्या शरीराला बदलाची सवयच नसते. शिवाय गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही, समुद्रातला सतत पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकत राहतो. त्यामुळे पाण्यात जे काही असेल ते त्याच्या पोटात जाते. खाऱ्या, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. सामू जास्त असल्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. मुंबई-पुण्यात मे महिन्यात दोनशे लिटरच्या टाकीतून रोज एक-दोन लिटर पाणी सहज उडून जाते, मीठ मागे राहते, आणि दोन दिवस टॉप-अप करायला विसरले की क्षार वर चढतात. वीज गेली की पंप थांबतो. टाकी तिशीच्या पुढे तापली की चिलर लागतो, आणि चिलरचे बिल वेगळे. मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी इतके गढूळ आणि सांडपाण्याने भरलेले की समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही माणूस आरओचे पाणी आणि परदेशी मिठाची बादली विकत आणतो.

एवढे सगळे असूनही हा प्रश्न माणसाने सोडवला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९५० च्या दशकात विमानवाहतूक आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि उष्ण समुद्रातले मासे, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, जगभर जाऊ लागले. रेतीखालचा फिल्टर आला. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहिले की समुद्रातून आणलेले जिवंत दगड, म्हणजे ज्यावर शैवाळ, कृमी, स्पंज आणि जिवाणू वस्ती करून आहेत असे दगड, टाकीत ठेवले आणि थोडीशी हवा सोडली तर टाकी स्वतःच स्वतःला सांभाळते. बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्या दगडांना प्रोटीन स्किमरची जोड दिली: बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण सडण्याआधीच वर काढणारे यंत्र. विसाव्या शतकाच्या अखेरीस घरातल्या टाकीत कठीण प्रवाळसुद्धा वाढू लागले. अ‍ॅना थिन यांनी जे हातांनी केले ते आता भिंतीतल्या प्लगवर चालते.

ली चिन एंग यांच्या दगडांत आणखी एक गोष्ट होती, आणि ती फार थोड्यांनी पाहिली. त्या दगडांवर अन्न होते.

मँडरिन माशाचे उदाहरण घ्या. फिलिपिन्सपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या समुद्रात राहणारा हा बोटाएवढा मासा. त्याचा निळा रंग खरा रंगद्रव्याचा आहे. बहुतेक निळे मासे प्रकाशाच्या परावर्तनाने निळे दिसतात, हा त्या मोजक्या जिवांपैकी ज्यांच्या पेशींतच निळे द्रव्य सापडले. त्याला चरताना पाहावे. तो पोहत नाही, पोटाखालच्या परांवर टेकत टेकत दगडावरून सरकतो. थांबतो. बाहेर आलेला डोळा खाली वळवतो, एका ठिकाणी रोखतो. मग तोंड नळीसारखे पुढे करून काहीतरी टिपतो, जे आपल्या डोळ्यांना दिसतही नाही. ते असते कोपेपॉड, एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा कवचधारी जीव. मग पुढची जागा, पुन्हा थांबणे, पुन्हा टिपणे. दिवसभर हेच. नव्या, चकचकीत धुतलेल्या टाकीत कोपेपॉड नसतात किंवा मूठभर असतात. मँडरिन ते पंधरवड्यात संपवतो आणि नंतरही तशाच निष्ठेने दगड तपासत राहतो. पाहुण्यांना वाटते, मासा किती मजेत आहे.

क्लीनर रासची भूक आणखी वेगळी. निळ्या अंगावर काळी रेघ असलेला हा मासा इतर माशांच्या अंगावरचे परोपजीवी खातो. ऑस्ट्रेलियाच्या लिझार्ड बेटावर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी केलेल्या अभ्यासात असा एक मासा दिवसाला सुमारे १,२०० परोपजीवी खात असल्याचे दिसले. घरातल्या टाकीत चार मासे. त्यांच्या अंगावर एवढे परोपजीवी असतील तर ते चार मासे मरतील, आणि नसतील तर क्लीनर रास उपाशी राहील. यातून सुटका करणारे यंत्र नाही. त्याला खडकावरून पकडून आणले की तिथल्या माशांची सोयही जाते. तरीही तो ‘टाकीतला डॉक्टर’ म्हणून खपतो. आजार टाळायला म्हणून आणलेला मासा स्वतः भुकेने जातो, यापेक्षा क्रूर फसवणूक मला या व्यापारात दुसरी दिसत नाही.

२००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या जागतिक संवर्धन केंद्राने या व्यापाराचा व्यापक आढावा प्रसिद्ध केला. वर्षाला दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख समुद्री मासे, १,४७१ जाती. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे मत्स्यशेतीतून येतात, पण समुद्रातले जवळजवळ सगळे खडकांवरून पकडलेले. आणि टाकीत जगत नाहीत हे माहीत असूनही मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या जातींत त्या अहवालाने दोन नावे ठळकपणे घेतली: क्लीनर रास आणि मँडरिन. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. दोन्ही नावे दुकानांच्या यादीत आहेत.

हे मासे पकडले कसे जातात, तेही पाहायला हवे. १९६० च्या दशकाच्या आरंभी फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे पकडण्यासाठी सोडियम सायनाइड वापरायला सुरुवात झाली. गोळ्या पाण्यात विरघळवून ते पाणी दाबायच्या बाटलीत भरायचे, प्रवाळाच्या फटीत पिचकारी मारायची, आणि गुंगी आलेला मासा हाताने बाहेर काढायचा. फटीतले प्रवाळ मरते. जिवंत राहिलेला मासा स्वच्छ पाण्यात सावध होतो, रंगही परत येतो, आणि तो जहाजावर, विमानात, दुकानात धडधाकट दिसतो. इजा आतल्या अवयवांना झालेली असते, आणि असे मासे पुढे आठवड्यांनी अचानक दगावतात. फिलिपिन्सने १९७५ च्या मत्स्यविषयक हुकुमाने विष वापरून मासेमारी बेकायदा ठरवली, जाळ्याने पकडण्याचे प्रशिक्षणही पुढे दिले गेले, तरी पिचकारी थांबली नाही. कारण जाळ्याने मासा पकडायला कौशल्य आणि वेळ लागतो, आणि विकत घेणारा दोन्हींत फरक करत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. त्याच २००३ च्या अहवालात आहे की २००० साली मालदीवमधून गेलेल्या शोभेच्या माशांची किंमत किलोला सुमारे ५०० डॉलर पडत होती, तर खाण्याच्या माशाला किलोला सहा डॉलर. बेटावर राहणाऱ्या, दुसरे काही पिकत नसलेल्या कुटुंबाला हा व्यवसाय म्हणजे थोड्या माशांत जास्त पैसा. त्याला आपला खडक जिवंत ठेवण्याचे कारणही मिळते. शिवाय प्रवाळांना खरा धोका तापत्या समुद्राचा आहे. १९९८ मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडून मेले ते कुणाच्या टाकीमुळे नव्हे. हे सगळे खरे आहे. म्हणून सरसकट बंदी मागणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. पण डॅमसेल, क्लाउनफिश, गोबी असे टाकीत खाणारे, वाढणारे, वर्षानुवर्षे जगणारे मासे पकडून विकणे वेगळे, आणि जे खाणारच नाहीत हे ठाऊक असलेले मासे विकणे वेगळे. बेटावरच्या माणसाचे पोट या दुसऱ्या प्रकारावर अवलंबून ठेवण्याची गरज नाही.

आपल्या कायद्यातही भुकेचा विचार झालेला नाही. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे घातले गेले. ते योग्यच झाले, त्याआधी प्रवाळ पोत्यांनी निघत होते. पण त्या यादीत बटरफ्लायफिश नव्हते. या माशांतल्या काही जाती जिवंत प्रवाळाखेरीज जवळपास काहीच खात नाहीत. तोंडाच्या बारीक दातांनी प्रवाळाचे एकेक मुख खुडतात. अशा जाती लक्षद्वीपच्या खडकांवरही आहेत. म्हणजे भारतात असा मासा पाळणाऱ्या माणसाला त्याचे अन्न जवळ बाळगणे गुन्हा होते आणि मासा बाळगणे गुन्हा नव्हते. कायदा करणाऱ्यांनी प्रवाळाकडे पाहिले, प्रवाळ खाणाऱ्याकडे नाही.

गंमत म्हणजे या छंदाच्या इतिहासातली जी प्रगती मला सर्वांत मोलाची वाटते, तीही भुकेचा प्रश्न सोडवूनच झाली. पण ती माशांच्या पिल्लांची भूक होती. समुद्री माशांची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा इतकी लहान असतात की त्यांच्या तोंडात मावेल असे जिवंत अन्न मिळणे हीच अडचण. १९६० च्या दशकात जपानच्या मत्स्यशेतीत रोटिफर हे सूक्ष्म जीव वाढवून पिल्लांना देण्याचे तंत्र रुळले. क्लाउनफिशची पिल्ले त्या मानाने मोठ्या तोंडाची. नर अंडी राखतो, पिल्ले बाहेर येताच रोटिफर खातात. फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाउनफिशची व्यापारी पैदास केली ती या अन्नावर. ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट २००३ मध्ये आला आणि जंगली क्लाउनफिशची लूट झाली अशी बोलवा पसरली. पुढे संशोधकांना तिला भक्कम पुरावा मिळाला नाही. क्लाउनफिश तोवर हॅचरीत सहज तयार होत होते, हे विसरता येत नाही.

पिवळा टँग या माशाचे तसे नव्हते. तो आपली अंडी उघड्या समुद्रात सोडून देतो, अंडी मिलिमीटरपेक्षा लहान, आणि बाहेर पडलेल्या पिल्लाला पहिले दोन-तीन दिवस धड तोंडही नसते. रोटिफर त्यांना चालत नव्हते. हवाईच्या ओशियानिक इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षे पिल्ले मरत राहिली. पार्व्होकॅलानस या कोपेपॉडची अतिशय बारीक पिल्ले मोठ्या प्रमाणात वाढवता आली, तेव्हा कुठे २०१५ साली हॅचरीतले पहिले पिवळे टँग मोठे झाले. पुढच्या वर्षी फ्लोरिडा विद्यापीठात निळ्या टँगचेही जमले. २०१७ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परीक्षणाशिवाय शोभेच्या माशांसाठी बारीक जाळ्यांचे परवाने देता येणार नाहीत असा निकाल दिला, आणि तिथून येणारा पकडलेल्या टँगचा ओघ आटत गेला. त्या वेळी बाजारात हॅचरीतला टँग देता येऊ लागला तो या कोपेपॉडमुळे.

हे काम आपल्याकडेही चालू आहे, आणि त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या अनेक जातींची पैदास केली आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अगत्ती बेटावरच्या केंद्रात तिथल्या स्त्रिया शोभेच्या कोलंब्या आणि क्लाउनफिश वाढवायला शिकल्या. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानाबरोबर अशी हॅचरी उभी राहिली आणि कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गटांना क्लाउनफिश वाढवण्याचे काम मिळू लागले. मालवणच्या मच्छीमार कुटुंबातल्या बाईने वाढवलेला क्लाउनफिश ठाण्याच्या घरात दहा वर्षे जगला, तर मला त्या टाकीबद्दल काहीही तक्रार नाही. तो मासा जन्मापासून माणसाच्या हातचे खात आला आहे.

म्हणून घेणाऱ्याने दुकानात पाण्याचे आकडे विचारण्याआधी मासा काय खातो ते विचारावे, आणि दुकानदाराला म्हणावे, ‘आत्ता घाला बघू खायला.’ जुने, जाणते छंदिष्ट हे करतातच. मासा घातलेले गिळतो का, की तोंडात घेऊन टाकतो, एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात. मासा हॅचरीतला की समुद्रातला, हे पिशवीवर लिहिलेले असावे. गोड्या पाण्याच्या बाजारात हा प्रश्न पडत नाही, समुद्रातल्या माशाबाबत पडलाच पाहिजे. आणि काही नावे विक्रीच्या यादीतून काढून टाकावीत. ही मागणी सरकारकडे आहे, तशी आयात करणाऱ्यांकडे आणि दुकानदारांकडेही आहे, कारण कोणता मासा किती दिवस जगतो हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. मूरिश आयडल काही थोड्या अनुभवी लोकांनी जगवला आहे, ते खरे. पण त्या थोड्यांसाठी बाकी सगळ्यांना तो विकायचा का?

यादी लहान आहे: मूरिश आयडल, केवळ प्रवाळ खाणारे बटरफ्लायफिश, क्लीनर रास आणि समुद्रातून पकडलेला मँडरिन. ती कायमची असण्याचेही कारण नाही. यातला कुठला मासा हॅचरीत वाढून घातलेले अन्न खाऊ लागला, की त्याचे नाव खोडावे. मँडरिनच्या बाबतीत ते घडले आहे. २०१० च्या सुमारास फ्लोरिडात त्याची व्यापारी पैदास सुरू झाली, आणि तिथली पिल्ले लहानपणापासून गोठवलेले अन्न खायला शिकवून बाजारात आली. महाग होती, पण खात होती.